पाण्यात धरून

मोठ्या शिरेत नळी टाकण्याआधी
मी नेहमीसारखंच भरभर वाचलं:
रक्तस्राव, जंतुसंसर्ग, ठोके अनियमित,
फुप्फुसाला छिद्र, शंभरात एखाद्याला.
हसुराम मढवींची सून
"एखाद्याला"पाशी जरा अडली,
मग सही केली. पेन माझंच होतं.

रात्रीचे अडीच. ऐरोली, दुसरा मजला, बेड सात.
रक्तदाब सत्तरच्या खाली,
हातापायाच्या शिरा बोटाला लागेनात.
सोनोग्राफीचं मशीन दुरुस्तीला,
सोमवारी येणार होतं.
मानेवर गळू, म्हणून कॉलरच्या हाडाखालून.

हाताला पाठ असतं:
सुई आडवी, जमिनीला समांतर,
टोक गळ्याखालच्या खाचेकडे,
पिस्टन ओढत ओढत पुढे जायचं,
काळसर रक्त आलं की थांबायचं.

दुसऱ्या खेपेला पिस्टन
हलकाच मागे आला. फार हलका.
सलाइनमधून चार बुडबुडे वर चढले.
सिस्टर बिंदूने माझ्याकडे बघितलं नाही,
ती ऑक्सिजन वाढवायला वळली.

तिसऱ्या खेपेला शीर मिळाली, त्याच बाजूला;
दुसरी बाजू शाबूत ठेवायची असते.
तार गेली, नळी गेली, टाके पडले,
औषध सुरू झालं, रक्तदाब चढला.
हे मी नंतर खूप जणांना सांगितलं,
कोणी विचारलं नसताना.

एक्स-रेवर उजवीकडे एक बारीक रेघ,
नखाने ओढावी तशी.
रेघेच्या पलीकडे नुसता काळा.

मराठीत ह्याला गुंतागुंत म्हणतात.
मला वाटायचं, गुंता म्हणजे दोरा हवा, गाठ हवी,
बोटांनी सोडवत बसायला काहीतरी.
हे तर नुसतं भोक.

पहाटे बरगड्यांमधून दुसरी नळी.
तिचं टोक खाटेखाली, बाटलीतल्या पाण्यात.
ते खोकले की बुडबुडे.

उजाडल्यावर गुंगी उतरली.
मान वळवून ते बराच वेळ बाटलीकडे बघत होते.
"यो काय हाय?"
मी स्टूल ओढलं. तयार वाक्यं होती, ती आली नाहीत.
म्हटलं, शीर शोधताना माझी सुई
फुप्फुसाला लागली.

हसुराम मढवी, रबाळे.
ठाणे-बेलापूर रोडवर कंपनीच्या गेटासमोर
रोवलेला टायर, त्यावर चुन्याने "पंक्चर".
एकतीस वर्षं ट्यूब फुगवून
पत्र्याच्या टबात वीत वीत सरकवत
हवा कुठून जाते ते बघणारा माणूस.

काचेबाहेर मुलगा फोनवर ओरडत होता,
"पंक्चर केला माझ्या बापाला."
शब्द बरोबर होता.

"बुरबुरं थांबलं म्हंजी नली कारशील?"
"हो."
"लगेच कारू नको. घाई गिऱ्हाइकाला असते.
रातभर ठेवाचा, सकाली परत पान्यान बघाचा."
आणि डोळे मिटले.
माफ केलं की नाही, ते त्यात नव्हतं.
मी शोधलं.

तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले.
पुस्तकातही तेच आहे, चोवीस तास थांबा.
थांबले. रात्री दोनदा जाऊन
खाटेखाली वाकून टॉर्च मारला:
नळीतलं पाणी श्वासाबरोबर थोडं वर, थोडं खाली,
बाकी स्वच्छ.
वरून आवाज आला, "दिसतं कं काय?"
म्हटलं, नाही.
"मंग झोप जा."

वहीत नोंद केली: वय अठ्ठावन्न, उजवी बाजू, तीन प्रयत्न.
"गुंतागुंत" ह्या रकान्यात
एका शब्दापुरतीच जागा असते.

आता कुणाच्या सुनेला, कुणाच्या नवऱ्याला
वाचून दाखवते तेव्हा
"शंभरात एखाद्याला"पाशी
माझा आवाज आपोआप हळू होतो.
ते वर बघतात.
मी पेन लगेच पुढे करत नाही.